सासूबाईच्या पाठीवर साठ फूट पाणी

"ज्याला आपली वाट ठाऊक आहे, त्याला अडवणारा अजून जन्माला यायचाय!" होडीच्या टोकावर उभं राहून, उजवा हात क्षितिजाकडे फेकत भाऊजींनी जाहीर केलं.

"भाऊजी, आधी दोर सोडा," वहिनी म्हणाली. "होडी अजून धक्क्यालाच बांधलीय."

मोहीम निघाली ती अशी.

वहिनी खरं तर एकट्या भाऊजींची. पण सगळा धक्का तिला वहिनीच म्हणे. तीस वर्षं ती या सरोवरात जाळी टाकत होती. सरोवर तरी केवढं! मध्यावर गेलं की चारही काठ दिसेनासे होत आणि उरत ती शंभरावर बेटं, सगळी एका साच्यातली : वर चार झाडं, खाली दगड. नवखा माणूस सकाळी ज्या बेटाला वळसा घालून जाई, संध्याकाळी त्याच बेटाला 'हे नवीन दिसतंय' म्हणे.

गेल्या वर्षी उत्तरेच्या पाण्यात दोन होड्या फुटल्या. दोन्हींवर मत्स्यखात्याने दिलेली वाट दाखवायची यंत्रं होती. खात्याने चौकशी करून निष्कर्ष काढला की यंत्रं कमी पडली. म्हणून हुकूम निघाला : यंत्राशिवाय कुणी उत्तरेला जायचं नाही. बाकीच्यांना यंत्रं कधी मिळणार, याबद्दल हुकूम गप्प होता. आणि मासा तर सगळा उत्तरेला! उत्तर बंद म्हणजे चाळीस चुली बंद.

वहिनी ओल्या पायांनीच कचेरीत शिरली आणि साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"उत्तरेच्या शेवटच्या कोनाड्यात तुमच्या खात्याचा खांब आहे ना? चला, त्याला हात लावून येऊ. तुमच्या यंत्राला एक अक्षर न विचारता नेते आणि दिवस मावळायच्या आत आणते. चुकले, तर माझा परवाना तुमचा. नाही चुकले, तर हुकूम मागे!"

साहेब वयाने लहान, डोळ्याला चष्मा, स्वभावाने भला. हुकूम त्याचा नव्हता, वरून आला होता. पण मागे घ्यायचा अधिकार मात्र चुकून त्याच्याकडे राहिला होता.

"यंत्र मी बरोबर घेणार," तो म्हणाला.

"घ्या की. त्यालाही जरा हवापालट."

पहिले तीन तास सहलीसारखे गेले. पाणी काचेसारखं स्थिर होतं, होडीचं इंजिन म्हाताऱ्यासारखं एका लयीत खोकत होतं, आणि दूरच्या टेकड्या एकीमागून एक निळ्या होत चालल्या होत्या. वहिनी सुकाणूवर बसून डोळे बारीक करून बघायची. टक्कल पडलेली टेकडी दुभंगलेल्या खडकाच्या बरोब्बर मागे आली, की होडी डावीकडे वळायची. पुढे वाकडं झाड एका पांढऱ्या दगडावर 'बसलं', की उजवीकडे. मध्येच ती भाऊजींना शिशाचा गोळा पाण्यात सोडायला सांगे. गोळ्याला दोरी, दोरीला हातहातावर गाठी, आणि गोळ्याच्या बुडाला साबण थापलेला.

"साबण कशाला?" साहेबाने विचारलं. "तळ्याला आंघोळ?"

"तळ चिकटून येतो त्याला. काळा चिखल आला तर आपण मध्यावर. लाल खडी आली तर वाटेवर."

"आणि काहीच आलं नाही तर?"

"तर खाली खडक. मग देवाचं नाव घ्यायचं आणि इंजिन उलटं फिरवायचं."

दुपारी वाऱ्याने तोंड फिरवलं. पश्चिमेकडून एक राखाडी भिंत पाण्यावरून चालत आली आणि होडीवर कोसळली. पाऊस! टेकडी गेली. झाड गेलं. शेवटी होडीचं टोकसुद्धा गेलं. तिथे भाऊजी आहेत हे फक्त त्यांच्या शिंकांवरून कळत होतं.

"बाई, आता यंत्राला विचारू या!" साहेब ओरडला.

"नाही!"

"हट्ट सोडा हो!"

"तीस वर्षं धरलाय, आता सोडून काय करू?"

वहिनीने डोळे मिटून घेतले. लाटा आतापर्यंत डाव्या गालावर पाणी उडवत होत्या. त्या तशाच डाव्या गालावर राहतील, एवढंच तिने सुकाणूला सांगितलं. "भाऊजी, गोळा!"

"लाल खडी!" भाऊजी ओरडले.

"पुन्हा!"

"लाल खडी!"

"हे बघा, यंत्र म्हणतंय उजवीकडे!" साहेबाने पडदा तिच्या नाकासमोर धरला. "सरळ रस्ता! साठ फूट पाणी!"

"उजवीकडे सासूबाई आहे."

"कोण?"

"खडक! दिसत नाही, पण असते!"

मोठी लाट आली. साहेब घसरला, आधारासाठी त्याने हाताला लागलं ते धरलं. ते सुकाणू होतं! होडी गर्रकन उजवीकडे फिरली.

करर्र!

बुडाखालची फळी किंचाळली. वहिनीने वल्हं उचललं, पाण्यात खुपसलं. ते कमरेइतकंही आत गेलं नाही. तिने सगळं अंग वल्ह्यावर टाकलं. एकदा! दोनदा! "इंजिन उलटं, भाऊजी!" तिसऱ्यांदा होडी सुटली, डोलली आणि खोल पाण्यात मागे सरकली.

"हे तुमचं साठ फूट!" वहिनी धापा टाकत म्हणाली. "यंत्राच्या नकाशात घातलं कुणी?"

साहेबाचा चेहरा पांढरा पडला होता. पण इंजिनापाशी आलेल्या भाऊजींचा त्याहून पांढरा होता.

"मी," भाऊजी म्हणाले.

त्यांनी गोळ्याची दोरी हाताभोवती गुंडाळली.

"चाळीस वर्षं झाली. मोजणीवाले आले होते, वही घेऊन. कुठे किती पाणी, विचारत होते. कोनाड्याची खरी वाट कशी सांगणार? सगळी दुनिया आली असती मासे पळवायला. मी सांगितलं सासूबाईवरून जा, साठ फूट. त्यांनी लिहून घेतलं. चहा पण पाजला मला."

"आणि गेल्या वर्षी याच खडकावर दोन होड्या फुटल्या," वहिनी हळू म्हणाली. "त्यातल्या एकीवरचा तो पोरगा, आता कुबड्या घेऊन चालतो... रोज त्याच्या ओट्यावर बसून तंबाखू मागता तुम्ही."

भाऊजींनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे जाहीर करण्यासारखं काही नव्हतं.

लाल खडी, डावा गाल, लाल खडी. तासाभराने पाऊस विरळ झाला आणि कोनाड्यातला खात्याचा गंजलेला खांब थेट समोर उभा राहिला! साहेबाने त्याला नुसता हात लावला नाही, दोन्ही हातांनी मिठी मारली.

परतताना मात्र तोच म्हणाला, "वहिनी, पैज तुम्ही जिंकलात. पण नकाशा दुरुस्त व्हायला हवा. खरी वाट सांगाल?"

"सांगू नका!" भाऊजी उसळले. "तीन पिढ्या जपलीय! उद्या लोक झुंडीने येतील!"

वहिनीने आपला तळहात उघडून पाहिला. तिच्या सासऱ्यांनी ही वाट मरणाच्या आदल्या दिवशी तिच्या हातावर बोटाने काढून दाखवली होती.

"येऊ देत," ती म्हणाली. "वाट कळली म्हणून मासा कळत नाही. यायचं त्यांनी, आपल्या दोन पायांवर यायचं आणि दोन पायांवर परत जायचं. लिहा, साहेब. पण हुकूम मागे घेतल्याची ओळ सगळ्यात वर! आणि साठ फूट कुणी सांगितलं, ते भाऊजी त्या पोराच्या घरी जाऊन स्वतः सांगतील. आजच!"

"आजच?" भाऊजी पुटपुटले.

"ज्याला आपली वाट ठाऊक आहे, त्याला उद्या कशाला लागतो?"

सूर्य पाण्याला टेकायला हातभर बाकी असताना होडी धक्क्याला लागली. चाळीस घरं उतरून आली होती. साहेबाने इंजिनाच्या झाकणावर कागद ठेवून हुकूम मागे घेतल्याचं लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि सगळ्यांसमोर कागद वहिनीच्या हातात दिला.

"मोठ्याने वाचा, वहिनी!" धक्क्यावरून आरोळी आली.

वहिनी होडीत ताठ उभी राहिली. कागद तिने हातभर लांब धरला. मग आणखी लांब. मग मान जेवढी मागे जाईल तेवढी मागे नेली.

"साहेब," ती शेवटी हळूच म्हणाली, "तुमचा चष्मा द्याल का जरा?"