ड्रॉवरमधली राणी

"हलू नका हं... तुमच्या बाहीवर राणी आहे."

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक असं बोलत शिरत नाही. काउंटरमागे बसलेल्या तिने दचकून बाहीकडे पाहिलं. पंख गळालेली एक टपोरी मुंगी! सैल झालेली दांडी घट्ट करून घ्यायला आलेल्या त्या लिफ्ट मेकॅनिकने ती अलगद बोटावर घेतली. त्याचं बोट तिच्या मनगटाला ओझरतं लागलं... आणि तिला उगाचच काउंटर पुसावासा वाटला.

त्याला मुंग्या पाळायचा नाद होता. राणी ठेवायला काचेची नळी होती, पण त्याची खोली उन्हाची, आणि राणीला लागतो अंधार. मग हिने कुलपाचा खालचा ड्रॉवर देऊ केला. पंख गळले म्हणजे राणीचा वंश वाढेलच असं नाही, त्याने समजावलं. नुसत्या अंड्यांवरही भरवसा नाही; त्यांतून कामकरी मुंग्या निघाल्या तरच खरं. तोवर तिला उजेड दाखवायचा नाही. दर शनिवारी तो येईल, तेव्हा दोघं मिळून एकदाच बघतील.

पण पहिला शनिवारच फार लांब होता. ती रोज ड्रॉवर उघडून टॉर्च मारायची. पांढऱ्या अंड्यांचा पुंजका दिसला तेव्हा ती एकटीच हसली. मग पुंजका लहान होत गेला, आणि एका सकाळी नळीत नुसती राणी उरली. तिने मोबाइलवर शोधलं. सारखा उजेड पडला तर बिथरलेली राणी स्वतःचीच अंडी खाते म्हणे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी त्याने विचारलं, तेव्हा ती पटकन म्हणाली, अंडी झालीच नाहीत.

"मग तिच्यातच काहीतरी कमी असणार," तो हिरमुसला. "सोडून देऊ."

राणी गेली की शनिवारही गेले, आणि खरं सांगितलं तर तो तोंडही बघणार नाही. तिने खाली वाकून ड्रॉवर उघडला. मागे फ्रेम पुसणाऱ्या वहिनीचा हात मात्र थांबला. मूल नाही म्हणून नातेवाईक वहिनीला हेच वाक्य ऐकवायचे, आणि त्यांच्याशी भांडायला हीच नणंद पुढे असायची. त्या नणंदेचे कान आता लाजेने तापले.

"तिच्यात काही कमी नाही. अंडी होती... मी रोज उघडून बघत होते, म्हणून तिने खाल्ली. आणि वर मी तिच्यावरच ढकललं."

"सांगितलं होतं ना मी? मग रोज कशाला?"

मान वर होईना. "तुम्ही रोज येत नाही... म्हणून."

मग त्याने ड्रॉवरला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"ती पुन्हा अंडी घालेल. पण तुमच्यावर आता विश्वास नाही."

तिचे डोळे भरले.

"म्हणून काम सुटलं की रोज येत जाईन. तिला नाही बघायचं... मला बघा हवं तर."

"भावोजी, त्या ड्रॉवरमध्ये माझे स्क्रू-ड्रायव्हर आहेत," वहिनी मागून म्हणाली. किल्ली मात्र तिने मागितली नाही.

लाज अजून गेली नव्हती. तरी तिने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं.