दुबळ्या विजेत्यांचा वाद

"आधी ती टोपी काढा, मग मासा मिळेल."

रांगेतला तरुण दचकला. बाहेर बफेलोत मार्चचा ओला बर्फ भुरभुरत होता. त्याच्या निळ्या टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं... आणि टेबलापलीकडे झारा हातात धरून उभी असलेली मुलगी त्याच्याकडे अशी बघत होती, जणू त्यानं वेदीवरची मेणबत्ती फुंकून विझवली होती.

"टोपीत वाईट काय आहे?"

"ती जायंट्स संघाची आहे. आणि पलीकडच्या टेबलावर माझे बाबा बसलेत."

त्यानं निमूटपणे टोपी खिशात कोंबली. ओले कुरळे केस कपाळावर आले. त्या मुलीनं, वांडानं, घाईनं नजर वळवली — आणि ताटात एक तुकडा जास्त पडला.

"हा जास्तीचा कशाबद्दल?"

"पहिल्याच फटक्यात ऐकलंत, त्याबद्दल."

त्याचं नाव कार्माइन. न्यू जर्सीचा. नदीवरच्या पुलाच्या दुरुस्तीसाठी आलेला. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या तळघरात मासे तळले जायचे आणि अख्खा मोहल्ला तिथे जेवायचा. वांडाच्या बाबांचं, काझिमिरांचं, टेबल ठरलेलं. तिथले म्हातारे दर वर्षी एकच वाद निवडायचे आणि गुड फ्रायडेपर्यंत पुरवून पुरवून खायचे. यंदाचा वाद होता : अमेरिकन फुटबॉलमध्ये आजवर जे संघ अजिंक्य ठरले, त्यांतला सगळ्यात दुबळा कोणता?

बफेलोच्या माणसांना हा विषय गोड लागणारच. त्यांचा संघ बिल्स लागोपाठ चार वर्षं अंतिम सामन्यात गेला होता आणि चारही वेळा हरला होता. पहिल्यांदा तर कार्माइनच्या जायंट्सकडून, फक्त एका गुणानं. शेवटच्या क्षणी मारलेली किक खांबांच्या उजवीकडून निसटली होती. त्या किकबद्दल काझिमिरांच्या घरात अजून कुणी बोलत नसे.

"आम्हाला तर सगळ्यात दुबळं अजिंक्यपदसुद्धा चाललं असतं," पुढच्या शुक्रवारी कोबीचं सॅलड वाढताना वांडा म्हणाली.

"आमच्या जायंट्सकडे चार आहेत. एक देऊ का?"

"भीक नको. लिंबू हवं का?"

"तुम्ही पिळून देणार असाल तर..."

"हात मोडलेत का?" ती म्हणाली खरी, पण हसू काही लपलं नाही.

तिच्याबरोबर बसायचं तर आधी बाबांच्या टेबलावर जागा मिळवायला हवी, एवढं कार्माइनला कळलं होतं. म्हणून एका शुक्रवारी तो ताट घेऊन थेट तिथे गेला. "काका, सगळ्यात दुबळे विजेते म्हणजे तुम्हाला हरवणारे जायंट्स. आमचेच! मुख्य खेळाडू जखमी, बदली माणसावर वेळ मारून नेली. नुसतं नशीब!"

सगळे खूश होतील असं त्याला वाटलं होतं. काझिमिरांनी काटा खाली ठेवला.

"म्हणजे आम्ही हरलो ते सगळ्यात दुबळ्यांकडून?"

काझिमिर कोट घेऊन उठले ते थेट घरी गेले.

वांडानं त्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अरे शहाण्या! ते जायंट्स थोर होते, एवढाच तर बाबांचा आधार आहे. तोही काढून घेतलास?"

"मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. आणि त्यांना बरं वाटलं की तू — म्हणजे तुम्ही..."

"राहू दे. 'तू'च बरं आहे."

तो हसला नाही. "पुलाचं काम संपलं, वांडा. साहेब विचारतायत, इथल्या पुढच्या कामाला थांबतोस की घरी जातोस? ईस्टर झाला की सांगायचंय. पण जिथे तुझे बाबा मला बघून उठून जातात, तिथे मी कसा थांबू?"

त्या आठवड्यात रोजच्या पहाटेच्या प्रार्थनेत वांडाची जपमाळ दोनदा मध्येच अडली.

गुड फ्रायडेला कार्माइन पुन्हा त्या टेबलापाशी उभा राहिला. रिकाम्या हातानं.

"काका, मी चुकलो. तो सामना मी पुन्हा पाहिला, सबंध. आमच्या लोकांनी दोन तृतीयांश वेळ चेंडू स्वतःकडेच दाबून ठेवला होता. का? तुमच्या हातात गेला तर संपलोच, ही धास्ती! जबरदस्त संघ होता तो. आणि तो तुम्हाला घाबरला होता."

काझिमिरांनी माशाचा एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"मग दुबळा कोण?" शेजारच्या झिगीकाकांनी खवचटपणे विचारलं.

कार्माइननं खिशातली टोपी मुठीत धरली. "दोन हजार अकराचे जायंट्स. नऊ जिंकले, सात हरले. साखळीत केले त्यापेक्षा जास्त गुण दिले. मी तेव्हा शाळेत होतो. ते जिंकले तेव्हा वडिलांनी मला खांद्यावर घेऊन अंगणात नाचवलं होतं. तरीपण... दुबळे तेच."

"स्वतःच्या लाडक्या पोराचाच बळी दिलास की रे!" झिगीकाका म्हणाले. "पण मी नाही मानत! रेव्हन्स जिंकले त्या वर्षी महिनाभर त्यांना एकदाही चेंडू रेषेपार नेऊन टचडाऊन करता आला नव्हता, त्याचं काय?"

"पण त्यांचा बचाव कसला होता!" काझिमिर गरजले, आणि बोलता बोलता पायानं एक खुर्ची बाहेर सरकवली. "बस रे पोरा. ह्याला समजावून सांग."

जेवणं आटोपल्यावर वांडा पायऱ्यांवर आली. कार्माइन तिथेच उभा होता.

"साहेबांना काय सांगू?"

"मी रोज सकाळी प्रार्थनेत तुझं नाव घेते," ती हळूच म्हणाली. "पुलावर वारा फार असतो म्हणून... असं मी देवाला सांगायचे."

"आणि आता?"

"आता पूल झाला. तरी आज सकाळी घेतलंच." तिनं वर पाहिलं. "थांब ना इथे. माझ्यासाठी."

त्यानं फोन काढला आणि साहेबांचा नंबर लावला. बर्फ त्याच्या केसांवर साचत होता. वांडानं हात पुढे करून तो अलगद झटकला... आणि हात मागे घ्यायचं काही तिच्या लक्षात राहिलं नाही.