दातानं सोललेली वायर

चहा आधी संपवून घ्या पोरांनो. मग अर्ध्यात मला म्हणू नका, की आबा, गिळवत नाही. आणि सोमेश्वर, तो मोबाईल पालथा ठेव. तोंडावर उजेड पडून तूच भुतासारखा दिसतोयस.

ही गोष्ट राधाकिशनची. नांदूरघाटचा, पिकअपवाला. कांदा भरून सोलापूरला नेतो, तोच. माझ्या मावसभावाचा मुलगा. त्यानं माझ्यासमोर बसून, मान खाली घालून जे सांगितलं तेवढंच सांगणार. पदरचं एक अक्षर नाही. सांगायची मला हौसही नाही, कारण ही गोष्ट भीतीची कमी आणि घाणीची जास्त आहे.

मागच्या साली, पाडव्याच्या चार दिवस आधीची मंगळवारची रात्र. चंद्र पहाटे निघायचा, म्हणजे सगळीकडे मिट्ट अंधार. राधाकिशनची बहीण मनिषा बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला. पण तिला दूधच उतरेना. अळीव झाले, मेथी झाली, शेजारच्या एका बाळंतिणीनं पोराला जवळ घेऊन पाहिलं, तर ते तोंडच लावेना. चमच्यानं गाईचं दूध पाजलं की भडाभडा ओकायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं रडणंसुद्धा बारीक झालं. नुसतं कण्हत होतं. गावातला डॉक्टर म्हणाला, रात्र काढू नका, अंबाजोगाईला हलवा. ॲम्ब्युलन्सला यायला वेळ होता. राधाकिशन म्हणाला, गाडी दारात उभी असताना वाट कशाला बघायची? वाढलेली ताटं तशीच ठेवून निघाले. स्टेअरिंगवर तो, मधे त्याची आई बायडाबाई, आणि खिडकीशी मनिषा, दुपट्यात गुंडाळलेलं पोर घेऊन.

आता राधाकिशनचा एक माज. गाडीचा उजेड पार पुढच्या गावापर्यंत पडला पाहिजे. म्हणून त्यानं जास्त पॉवरचा बल्ब टाकलेला. वायरिंगवाल्यानं बजावलं होतं की कपलर तापेल, पण ऐकतो कोण? डाव्या बाजूचा लाईट कपलर जळून महिनाभर बंदच होता, उरला एकटा उजवा. केजच्या अलीकडं कॅबिनमधे जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि गाडीपुढचा रस्ताच नाहीसा झाला.

त्यानं बॉनेट उघडलं. कपलर म्हणजे बल्बाचे तीन पाय ज्यात बसतात ना, ती प्लास्टिकची डबी. ती पाकातल्या गुळासारखी वितळून बल्बाला चिकटली होती. जोडायला काही उरलंच नव्हतं. मोबाईलच्या बॅटरीवर गाडी चालवावी, तर हंगाम संपत आलेला, उसाच्या ट्रॉल्या बिनलाईटच्या रस्त्यावर. ट्रॉली दिसायच्या आधी तिच्या बुडात घुसला असता. आणि आत पोराचं कण्हणं मधेच थांबायचं. थांबलं की बायडाबाई त्याच्या नाकाशी बोट धरायची.

जिथं गाडी थांबली, तिथंच रस्त्याकडेला एक बंद पडलेला धाबा. त्याच्या मागं एक पिकअप पडलेली होती, चेपलेली, गवत उगवलेली. ती कुणाची ते साऱ्यांना ठाऊक होतं. आदल्या साली ऊसतोडीची माणसं तिच्यातून गावाकडं परत निघाली होती, आणि गाडी तिथंच उलटली. कॅबिनमधे एक बाई होती, मांडीवर तान्हं. तान्हं काचेतून बाहेर, कापसाच्या पऱ्हाटीत पडलं. जगलं ते. बाई मात्र डॅशबोर्डखाली अडकली. पत्रा कापायचा कटर येईपर्यंत जिवंत होती. बाहेर लेकरू रडतंय, हिला हलता येत नाही, आणि अंगावरचं दूध वाहतंय. लोक म्हणतात, बाहेर काढली तेव्हा झंपर दुधानं भिजलेला होता. बघणारे उभे राहून मोबाईलवर शूटिंग करत होते म्हणे. थू. मला भुतापेक्षा त्या माणसांची जास्त किळस येते.

राधाकिशन पक्कड घेऊन तिकडं निघाला तशी बायडाबाई खाली उतरली. आपल्याकडं ड्रायव्हर लोक मयताच्या गाडीचं सामान काढत नाहीत. काढायचीच वेळ आली तर आधी पाणी सोडतात, कशासाठी नेतो ते बोलून सांगतात, आणि मग हात लावतात. म्हातारीनं तेच सांगितलं. त्यानं बाटलीतलं पाणी चेपलेल्या बॉनेटवर सोडलं आणि म्हणाला, "बाई, लेकरू उपाशी हाय. अंबाजोगाईला न्यायचंय. उजेडापुरतं नेतो."

इथवर सगळं रीतीनं झालं.

त्या गाडीची उजवी बाजू शाबूत होती. त्यानं हेडलाईटच्या मागचं रबरी टोपण ओढलं. आत बोट घातलं तर मऊ लागलं. गिळगिळीत. एखादी पाल मरून सडली असेल असं त्याला वाटलं. बोट बाहेर काढलं तर पांढरट, चिकट, तार धरणारं काहीतरी. त्यानं ते पॅन्टला पुसलं, कपलर ओढून घेतला आणि तिन्ही वायरी कापल्या.

आता वायर सोलायची. पक्कडीची धार गेलेली. आणि धार असती तरी काय? आपल्यातला कोण पक्कडीनं वायर सोलतो? मीही नाही. वायर तोंडात धरायची, दाढेखाली दाबायची, झटका द्यायचा. हाताला सवय, तोंडाला सवय. अरे, पण मयताला पाणी सोडतात, तोंड लावत नाहीत. कावळ्याला ठेवलेल्या पानातलं कुणी उचलून खातं का? त्यानं त्या बाईच्या गाडीची वायर तोंडात घातली. एक नाही, तिन्ही.

आंबट लागलं म्हणाला. आंबट, आणि मागून गोड. नासलेल्या चिकासारखं. तो थुंकला. पण जिभेवर काहीतरी राहिलंच. बोटानं ओढलं, तर केस. लांब. ओढतोय, ओढतोय, संपेना. घशातून येत होता तो.

चहा उरला असेल तर बाजूला ठेवा. पण ऐका.

त्यानं केस फेकला, वायरींना पीळ दिला, टेप गुंडाळली. लाईट लागला. पण उजेड नेहमीचा नव्हता. पांढुरका, दाट, पाण्यात दूध सांडल्यासारखा. त्याला घाई होती. निघाले.

केज मागं पडलं. पुढचा रस्ता सामसूम.

आधी वास आला. दुधाचं भांडं चार दिवस न धुता झाकून ठेवावं, तसा. मनिषानं काच खाली केली. वास जाईना. मग काचेवर टप्... टप्... काहीतरी आपटायला लागलं. उजेडावर येणाऱ्या पाकोळ्या असतील. राधाकिशननं वायपर फिरवला. काचेवर हिरवं-काळं फराटलं.

माशा होत्या. हिरव्या, घाणीवर बसणाऱ्या. रात्री. चालत्या गाडीवर.

त्यानं वायपर चालूच ठेवला. बायका घाबरतील म्हणून.

थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं, पोराचं कण्हणं बंद झालंय. विचारायची छाती होईना. आणि तेवढ्यात त्याला आवाज आला.

चुक... चुक... चुक...

बारीक. एका लयीत. लेकरू पिताना येतो ना, तो. राधाकिशनच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगं प्यायला लागलं होतं. तीन दिवसांनी बहिणीला पान्हा फुटला होता. तो समोरच बघत म्हणाला, "मने, लागलं का गं प्यायला?"

मनिषा झोपेतून जागी झाल्यासारखी म्हणाली, "माझ्यापाशी न्हाई दादा. आईपाशी हाय."

म्हातारी म्हणाली, "माझ्यापाशी कुटं? तुझ्याच वटीत होतं की..."

चुक... चुक...

दोघी अंधारात चाचपायला लागल्या. सीटवर. पायाखाली. खिडकीशी. काहीच लागेना. राधाकिशनला कॅबिनचा दिवा लावायचा होता. हात वर जाईना. उजवा हात स्टेअरिंगवर होता. आणि डावा...

डाव्या हातावर वजन होतं. ऊबदार.

त्यानं खाली बघितलं नाही. आधी छातीला गार लागलं. मग ओलं. मग ते पोटावरून खाली ओघळायला लागलं.

गाडी थांबली. बायडाबाईनं दिवा लावला.

पोरगं राधाकिशनच्या मांडीवर होतं. त्याच्याच डाव्या हातावर. शर्टाची वरची बटणं उघडी. पोराचं तोंड त्याच्या छातीला... गच्च. गाल हलत होते. तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरं वाहत होतं, आणि त्यात एक लांब केस चिकटलेला.

मनिषानं पोर ओढून घेतलं. सुटताना आवाज आला. तो आवाज, राधाकिशन म्हणाला, मेलो तरी कानातून जायचा नाही.

उरलेला रस्ता कुणी कुणाकडं पाहिलं नाही.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोराला तपासलं. म्हणाल्या, याला काही झालेलं नाही, पोट भरलेलं आहे. दूध कुणी पाजलं? मनिषा भिंतीकडं बघत बसली. राधाकिशन बाहेर लिंबाच्या झाडाखाली ओकत होता. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं त्याच्या. तरी दह्यासारख्या घट्ट कवड्या पडत होत्या. आंबट. पहाटे चंद्र वर आला तरी ओकतच होता. उजाडल्यावर त्यानं तो कपलर कापून काढला, नवा बसवून घेतला, आणि जुना त्या गाडीत नेऊन ठेवला. ह्या वेळी हात जोडून, तोंडाला रुमाल बांधून.

पोरगं जगलं. दवाखान्यातच मनिषाला दूध आलं, ते तिच्यापाशी प्यायलाही लागलं. तुम्ही म्हणाल, मग वाईट काय झालं? त्या बाईनं लेकरू वाचवलं. मीही राधाकिशनला हेच म्हणालो होतो. उपकारच की. पण ज्याच्या अंगातून ते उपकार वाहिले, त्याला विचारा. तो दिवसातून तीनदा अंघोळ करतो. साबणाची वडी आठवडाभर टिकत नाही त्याच्या घरी.

बारशाला मी गेलो होतो. भर दुपार, मांडवात पंगत बसलेली. राधाकिशन माझ्या शेजारी, नवा पांढरा शर्ट घालून. हसत होता, वाढणाऱ्यांना आवाज देत होता. मला वाटलं, चला, सावरला एकदाचा.

आत घरात पोरगं रडायला लागलं. भुकेचं रडणं.

राधाकिशननं हातातला घास खाली ठेवला. खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यानं छातीशी धरला, पण तोवर माझी नजर गेली होती. कोऱ्या शर्टावर दोन ओले डाग पसरत होते, दोन्हीकडं सारखे. मला तो वास आला. तो पानावरून उठला आणि कुणाकडं न बघता मोरीकडं गेला.

त्याच्या पाटावर, तो बसला होता तिथं, दोन हिरव्या माशा होत्या.