वहीतल्या पेन्सिलीच्या खुणा

घरात दुसऱ्या कुणालाच दमा नाही, मग आईला तो जन्मापासून कसा? अकरा वर्षांच्या शाल्मलीला हे कोडं होतंच. आता दुसरं पडलं. सोमवारी वेटलिफ्टिंगच्या शिबिरात तिचं नाव घालायचं होतं, आणि आजी, एकेकाळची राष्ट्रीय विजेती, "नको" म्हणून अडून बसली होती. कारण सांगत नव्हती.

आईच्या दम्याचं मूळ शोधायला आजी, आई आणि शाल्मली कुपवाडच्या दवाखान्यात गेल्या. तिथं निरखू नावाचा यंत्रमानव होता. त्यानं तिघींच्या रक्ताचे थेंब तपासले आणि विचारलं, "आजी, शाल्मलीची आई पोटात असतानाची तुमची सरावाची वही आहे?"

प्रत्येक वेटलिफ्टर अशी वही ठेवतो. किती किलो उचलले, काय खाल्लं, किती झोपलो. आजीनं ती पिशवीतून काढली. छापील रकान्यांपैकी एकात रोज पेन्सिलीची एक फुली होती. तो रकाना होता 'जीवनसत्त्वं'.

"जीवनसत्त्वं म्हणून आमचे सर निळ्या गोळ्या द्यायचे. मी कधी विचारलंच नाही," आजी म्हणाली. "तेव्हा ही माझ्या पोटात होती. दोन महिने मला पत्ता नव्हता. म्हणून शाल्मलीला पाठवायला मन धजत नाही."

"गोळ्यांत ताकद वाढवणारं संप्रेरक (शरीरात निरोप पोचवणारं रसायन) असावं," निरखू म्हणाला. "ते पोटातल्या बाळापर्यंत जाऊ शकतं."

"म्हणजे आईची जनुकं बिघडली?" शाल्मलीनं विचारलं.

"नाही. जनुकं (पेशीतल्या सूचना) या वहीतल्या छापील अक्षरांसारखी. ती तशीच आहेत. पण त्यांच्याजवळ पेन्सिलीच्या खुणा झाल्या. ही ओळ वाच, ती सोड. फुप्फुसं घडताना एखादी ओळ सुटली असावी. प्रत्येक बाळाला असं होतंच असं नाही."

शाल्मलीचा आवाज बारीक झाला. "माझ्यात आहेत?"

"शोधल्या. सापडल्या नाहीत. पुढच्या पिढीत जाताना अशा बहुतेक खुणा पुसल्या जातात."

"चाळीस वर्षं मी दम्याचा पंप ओढतेय आणि तू बोलली नाहीस, आई," शाल्मलीची आई म्हणाली.

"कुठल्या तोंडानं बोलू?"

"न सांगता ज्यांनी दिल्या त्यांचा दोष, तुझा नाही. आता खुणा कळल्या, तर औषधही नेमकं देता येईल. होय ना रे, डब्या?"

"निरखू," यंत्रमानवानं दुरुस्ती केली.

सोमवारी शेवटी आजीच शाल्मलीला शिबिरात घेऊन गेली. तिथं प्रशिक्षकांनी शाल्मलीपुढे पावडर घातलेल्या दुधाचा पेला धरला. तिनं कोरी वही उघडली.

"सर, यात काय काय आहे? सांगा, लिहून घेते."

सर हसले, मग पावडरीचा डबा फिरवून एकेक नाव वाचू लागले. शाल्मलीनं पेन्सिल उचलली. मागून आजीचा पेन धरलेला हात पुढे आला.

"पेननं लिही," आजी म्हणाली.