कुणाचाच नसलेला गोल

"बॉल माझ्या कपाळाला लागून आत गेलाय ओ मॅडम. अख्ख्या स्टेडियमनं बघितलंय!" तौफिक जमादार म्हणाला. कपाळावर चार टाके, गुडघा कामातून गेलेला, कालचा सामना शेवटचा आणि नावावर नव्याण्णव गोल.

कोल्हापूरच्या क्रीडागणन केंद्रात डॉ. नलिनी रेंदाळकर श्रेयगणकासमोर बसल्या होत्या. वादग्रस्त गोल कुणाचा, हे आता पंच नव्हे, हे यंत्र ठरवी.

"याला अभावचाचणी म्हणतात," त्या म्हणाल्या. "एका खेळाडूला वजा करायचं आणि तोच क्षण हजार वेळा पुन्हा घडवायचा. तो नसताना गोल होत नसेल, तरच श्रेय त्याचं. तुम्हाला वजा केलं, तर तुमच्याबरोबर उडी मारलेला संग्राम तोच बॉल आत घालतो."

"मग संग्रामचा म्हणा की!"

"त्याला वजा केलं, तर तुम्ही घालता. म्हणून दोघांनाही शून्य."

"म्हंजे गोल झाला, पण केला कुणीच न्हाई? आमच्या तालमीच्या टीममध्ये असलं बोललं तर हाकलून देतील."

"यंत्राला भीडभाड नसते, जमादार. निकालावर सही करा."

नलिनीबाईंना मनातून वाईट वाटलं, नाही असं नाही. पण अभावचाचणी त्यांची स्वतःची, आणि आपल्या लेकराला नावं कोण ठेवतं? खरं तर डॉ. भोपटकरही ती आपलीच म्हणत. नऊ वर्षं एका टेबलावर काम केलेले हे दोघे गेली तीन वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. श्रेयगणकाला कुणाचं नाव द्यायचं, याचा निकाल आज अकराला लागायचा होता.

तौफिक सही करत असतानाच तो निकाल पडद्यावर आला. समितीनं दोघांच्या वह्या, टिपणं सगळं श्रेयगणकालाच दिलं होतं.

'रेंदाळकर वजा: भोपटकर यंत्र पूर्ण करतात. भोपटकर वजा: रेंदाळकर यंत्र पूर्ण करतात. श्रेय: दोघांनाही शून्य. यंत्र निनावी राहील.'

"मी नसते तर त्या माणसानं केलं असतं म्हणे!" नलिनीबाई ताडकन उठल्या. "अहो, पण केलं मी! नऊ वर्षं घातली, डोळे गेले माझे यात!"

तौफिकनं पेन खाली ठेवलं. तो हसला नाही. टाक्यांवरून बोट फिरवत एवढंच म्हणाला, "लागलं तर मलाबी हुतं, मॅडम."