उकडलेल्या मक्याचा वास

घ्या, पाहुणे, गार व्हायच्या आत खा. माझ्यासाठी थांबू नका. वीज काही सकाळपर्यंत येत नाही, पण हा कंदील पुरेल. जेवता जेवता ऐका.

त्या दिवशीही शुक्रवारच होता. कुल्याशने, म्हणजे आमच्या हिने, मला तेल आणायला बाजारात पिटाळलं होतं. सात शेल्पेक तळायचे होते, पातळ पोळ्या, गेलेल्यांच्या नावाने. मेलेल्याला घास गिळता येत नाही, तापल्या तेलाचा वास पोचला की त्याचं पोट भरतं, असं माझी आई सांगायची. मी बर्फातून तेलाची बाटली घेऊन येत होतो आणि डोक्यात एकच भुंगा, सोमवारी डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं?

आजार हाडांच्या मगजातला. रक्ताचा कॅन्सर. लवकर सापडला म्हणून लोक असे बोलायचे, जणू मला बक्षीसच लागलंय. वाटा दोन. एक, गोळ्या घेत राहायचं, जन्मभर. दुसरी, प्रत्यारोपण. आपल्याच मूळ पेशी काढून गोठवायच्या, जबर औषधाने मगज जाळायचा, मग त्या पेशी परत अंगात सोडायच्या. वर गोळ्या आहेतच. कायमचं बरं कशाने होतं, असं विचारलं की बाई खिडकीबाहेर बघायच्या. परत येतोच, म्हणाल्या. लवकर की उशिरा, एवढंच.

अल्माटीच्या इस्पितळात शेजारच्या खाटेवर ओरिनबेक होता. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच बसड्रायव्हर, जिभेला हाड नाही. आमच्या दोघांच्या पेशी एकाच टाकीत गोठवल्या, तर म्हणतो कसा, तुझ्या रात्रभर घोरतील, माझ्यांची झोपमोड होईल. त्याने प्रत्यारोपण धरलं, मी तूर्त गोळ्या. निघताना त्याने माझा हात दाबला.

"दौलेत, जो आधी मरेल त्याची वाट चुकली. त्याने येऊन दुसऱ्याला सांगायचं."

मी हसलो. हसायला नको होतं.

तर, कुल्याश कढईपाशी होती, मी भिंतीला टेकून बसलो होतो. अंधारून आलं होतं, दिवा अजून लावला नव्हता. तेल चरचरत होतं, आणि त्या वासावर हळूहळू दुसराच वास चढायला लागला. गोड, कोंदट.

"अहो, मका कुणी उकडलाय?" कुल्याश म्हणाली. "या बर्फात?"

मी तो वास ओळखला. पेशी ज्या औषधात गोठवतात, त्याचा तो वास. पेशी परत सोडल्या की माणसाच्या श्वासाला, कातडीला तोच येतो. वॉर्डात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

समोर ओरिनबेक बसला होता. इस्पितळाचा झगा, डोकं तुळतुळीत, पाय अनवाणी.

"दौलेत..." तो म्हणाला. "नको..."

कुल्याशने दिवा लावला. समोर कुणी नव्हतं. मी रडलो. मित्र गेला म्हणून रडलो आणि, खोटं कशाला बोलू, वाट कळली म्हणूनही. प्रत्यारोपण नको. गोळ्या बऱ्या.

सकाळी वॉर्डात फोन लावला, मयत कधी नेणार ते विचारायला. नर्सने फोन ओरिनबेकच्याच हातात दिला.

मग तो म्हणाला, "तू... जिवंत आहेस?"

"मी? मेल्या, मी तुझ्या मातीला निघालो होतो."

तो हसला नाही. त्याच्या बंद खोलीत कुणालाही सोडत नाहीत. तरी काल अंधार पडताना मी त्याच्या खाटेशी येऊन बसलो होतो, म्हणाला. अंगाला तापल्या तेलाचा वास. गोळ्यांनीच घात केला ना, असं त्याने विचारलं आणि मी मान डोलावली.

"काही बोललो का मी?"

"म्हणालास... नको."

फोन ठेवायचा धीर दोघांना होईना.

सोमवारी बाईंना म्हटलं, काय ते तुम्हीच ठरवा.

घ्या ना, आणखी एक घ्या. मी? मी नाही खात. त्या शुक्रवारपासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही. कुल्याशला सांगू नका, माझ्या वाटणीचं सगळं कुत्र्याला जातं. पण वजन उतरलेलं नाही, उलट किलोभर वाढलंय, बाई खूश आहेत. कढईत तेल तापलं, की माझं पोट भरतं.