मागच्या फळीवर सत्तर किलो

"टेम्पो हलवा की पावणं! गिऱ्हाइकानं काय उडत यायचं?"

धैर्यशील ओरडतच दुकानाबाहेर आला. राजारामपुरीत ई-रिक्षाच्या मोटारी दुरुस्त करायचा तो. मोबाईलवर बघून बघून शिकलेला, गुरू कुणी नाही.

टेम्पोतून आधी काळाकुट्ट हात आला, मग पोरगी. कपाळावर ऑइलचा डाग... आणि डोळे असे, की पुढची शिवी घशातच राहिली.

"बंद पडलाय म्हणून थांबवलाय. हौस न्हाय मला," ती म्हणाली. "आनि पावणं न्हाय, वर्षाराणी."

मागं एक डिझेल इंजिन पडलं होतं.

"कशाचं हो?"

"शिडाच्या बोटीचं."

"कोल्हापुरात?"

"गारगोटीच्या पुढं, धरणावर. बाबा नौदलातनं रिटायर झाले ते बोट घेऊनच आले. आम्ही पोरांना शीड शिकवतो. वारा पडला की पोरं मधेच अडकत्यात, म्हणून इंजिन लागतं. पन पाणी पिण्याचं... डिझेल नको म्हणून गावानं ठराव केलाय. निघालोय भंगारात घालायला." बोलता बोलता तिची नजर टेबलावरच्या मोटारीवर थांबली. "ही बसंल बोटीत?"

खरं सांगायचं तर धैर्यशीलनं बोट लांबूनही बघितली नव्हती. कोडोलीच्या विहिरीत लहानपणी गटांगळ्या खाल्लेल्या, तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी त्याला चालायचं नाही. पण ती बघत होती...

"बसंल की! न बसायला काय झालं?"

मग चार रविवार एसटीनं गारगोटी, तिथून वडापच्या जीपनं धरण. बोट काठावर ओढून ठेवलेली. तिनं टॉर्च धरायचा, त्यानं मोटार आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा एका रेषेत आणायचा. केसाएवढा फरक पडला तरी खडखड. तिची बट खांद्याला लागली, की हातातला पाना सुटायचा.

"पाण्यात कवा उतरणार?"

"मोटार उतरंल. मी कशाला?"

"भ्या वाटतंय? आनि नाव धैर्यशील!"

"नाव आत्यानं ठेवलं. पोहायला न्हाय शिकवलं तिनं."

ती खळखळून हसली. मग टॉर्च विझवला. "बाबांनी सांगितलंय... गावापुढं एकदाच चाचणी. फसली तर बोट विकायची. मग वर्ग बंद."

"न्हाय फसायची," तो म्हणाला. त्या रात्री त्यानं सगळे नटबोल्ट परत आवळले.

चाचणीला सगळा गाव काठावर. शीड गुंडाळलेलं, वर्षाराणी सुकाणूवर. पलीकडच्या काठाला जाऊन परत यायचं. तिनं खटका दाबला आणि... फडफडफड! पाणी उडालं, बोट जागची हलेना. नाक पाण्यात, मागची बाजू वर, पंखा अर्धा उघडा. लोक हसायला लागले.

धैर्यशीलच्या लक्षात आलं, चूक त्याचीच. मागच्या बाजूचं जड इंजिन काढलं होतं. आणि पाणी लागेल या भीतीनं बॅटऱ्या त्यानं पार नाकाकडं बसवल्या होत्या. त्याची भीती बोटीलाही चिकटली होती!

"मागं वजन पायजे!" ती ओरडली. "वजन किती तुझं?"

पहिल्यांदाच अरे-तुरे.

"सत्तर..."

"मग बघतोस काय? चढ!"

पाणी गुडघ्याला आलं. मांडीला आलं. त्यानं डोळे मिटले, तिच्या हाताला धरलं आणि मागच्या फळीवर आदळला. बोट मागं बसली, पंखा बुडाला... आणि बोट निघाली. ना धूर, ना धडधड. नुसतं पाणी कापल्याचा आवाज.

पलीकडचा काठ आला, बोट वळली, परत गावाच्या काठाजवळ येत चालली. त्यानं फळी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"पुढच्या रविवारी बॅटऱ्या मागं घेतो," तो म्हणाला. "मग माझं काम न्हाय लागायचं."

"घे की. पोरांसाठी घ्यायलाच पायजे." ती पाण्याकडं बघत राहिली. "आनि मग रविवारी काय करणार?"

इथं तो पेटला. जन्म रिक्षांच्या गोंगाटात गेलेला, हळू बोलायची सवयच नाही.

"मी काय मोटारीसाठी येत हुतो व्हय? तू आवडतीस मला!"

मोटार गप्प. वारा गप्प. सगळं धरण गप्प. तिचा चेहरा लालेलाल, हसू मात्र आवरेना. फळीवरचा त्याचा एक हात तिनं हळूच सोडवून घेतला.

तेवढ्यात काठावरून उदयसिंहांचा, म्हणजे तिच्या बाबांचा, खणखणीत आवाज आला.

"ऐकलं रं सगळ्यांनी! आधी बोट काठाला लावा, मग बोलू!"